गेमिंग लॅपटॉप की साधा? आपल्या उन्हाळ्यात कोणता टिकेल?

तापीकाठ
धाकटा भाऊ जळगावला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला लॅपटॉप घ्यायचाय, बजेट ७० हजार. कॉलेजचं काम म्हणजे ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स ही यंत्रांची ड्रॉइंग करायची सॉफ्टवेअर आणि रिपोर्ट. शिवाय अमळनेरच्या एका फोटोग्राफरकडे तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, मेसचा खर्च त्यातूनच निघतो. गेम म्हणाल तर मित्रांसोबत व्हॅलोरंट आणि सुट्टीत जीटीए ५.

त्याचा हट्ट गेमिंग लॅपटॉपचा आहे, माझा विरोध. एडिटिंगचं काम येतं कधी? आखाजीच्या पुढेमागे, लग्नाच्या दाट तिथीत. नेमकं तेव्हाच आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो. ॲपलसारखी कंपनी आपला लॅपटॉप १० ते ३५ अंशांत वापरा असं स्वतः सांगते, आणि आपली पत्र्याची खोली संध्याकाळी सातलाही ३८ च्या खाली येत नाही. अशात वेगळं ग्राफिक कार्ड, म्हणजे चित्र-व्हिडिओसाठीची स्वतंत्र चिप घेणं म्हणजे आत दुसरी शेगडी पेटवणं. व्हॅलोरंट तर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरही चालतं. १६ जीबी रॅम, चांगला स्क्रीन, दीड किलो वजन, एवढं बघून साधा लॅपटॉप घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

भुसावळ जंक्शन
दादा, उन्हाचं बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा काढलात. पंखा आतल्या चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली २७ अंशांवर असताना चिप ८५ वर असेल, तर खोली ४२ झाली की तेवढ्याच कामाला ती १०० च्या आसपास जाते. मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. हे दोन्ही लॅपटॉपला लागू आहे. फरक एवढाच की पातळ लॅपटॉपमध्ये एक छोटा पंखा असतो, गेमिंगवाल्यात दोन मोठे पंखे, उष्णता बाहेर नेणारे जाड पाइप आणि मागे-बाजूला जाळ्या. शेगडी मोठी आहे खरी, पण धुराडंही मोठं आहे. एक तासाचा लग्नाचा व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे एडिट झाल्यावर त्याची तयार फाइल बनवताना, पातळ लॅपटॉप दहा मिनिटांत मान टाकतो. आणि सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं यंत्र) फिरवून बघा, कार्ड नसेल तर माऊसच्या मागून चित्र सरकतं.

कपाशी
माझं गाव जिनिंगच्या पट्ट्यात आहे. दिवाळीनंतर हवेत बारीक रुई असते, ती पंख्याच्या जाळीवर थर धरते. दोन पंख्यांचा लॅपटॉप दुप्पट हवा ओढतो, म्हणजे रुईही दुप्पट ओढतो. माझा गेमिंग लॅपटॉप दुसऱ्या हंगामात सारखा बंद पडायला लागला. उघडला तर जाळीवर वाकळीसारखा थर. आता दर चार महिन्यांनी साफ करतो, दोन वर्षांनी चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलतो, तेव्हापासून त्रास नाही. घ्यायचा तर घ्या, पण खालचं झाकण सहज उघडतं का ते आधी बघा.

धुळ्याची
मी मास मीडियाला आहे. मावशीच्या अहिराणी रेसिपीचे व्हिडिओ ॲपलच्या एम १ चिपच्या मॅकबुक एअरवर एडिट करते. पंखाच नाही, त्यामुळे रुई-धूळ आत ओढली जात नाही. लाइट गेली तरी पूर्ण वेगाने काम चालू राहतं. गेमिंग लॅपटॉप प्लग काढला की निम्मा होतो, हे कोणी का सांगत नाही? मे महिन्यात दुपारी माझाही वेग उतरतो, हे मान्य आहे. मी मोठं काम पहाटे पाचला लावते.

भुसावळ जंक्शन
ताई, तुमच्या कामाला उत्तम. पण सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, व्हॅलोरंटही नाही. मेकॅनिकलच्या पोराला मॅक देणं म्हणजे चार वर्षं मित्राच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिकल करायला लावणं.

मेहरूण
अहो, कोणता कॅमेरा ते कोणी विचारलंच नाही! मी आठ वर्षं लग्नाची कामं करतोय. हल्लीचे मिररलेस कॅमेरे ४के, १० बिट, ४:२:२ अशा, म्हणजे रंगाचा तपशील जास्त साठवणाऱ्या फाइल देतात. त्या टाइमलाइनवर टाकल्या की एडिटिंगचा कस लागतो. एनव्हीडियाच्या ३० आणि ४० मालिकेतलं कार्ड कितीही महाग असो, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) चं ४:२:२ ते उलगडू शकत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि व्हिडिओ अडखळतो. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला हे जमतं, एनव्हीडियात ५० मालिकेपासून. म्हणून या कामाला एएमडीचा प्रोसेसर अधिक ४० मालिकेचं कार्ड अशी जोडी मी घेऊ देणार नाही, गेममध्ये ती कितीही पळो. ८ बिट ४:२:० अशा कमी तपशिलाच्या फाइल असतील तर काहीही घ्या, सगळं चालतं.

दुसरं, कार्डाची मेमरी. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के वर थोडी रंगजुळणी आणि नॉइज काढणं लावलं, की ४ जीबी कार्ड मेमरी भरल्याचा संदेश देऊन थांबतं. ६ जीबीच्या खाली नको.

आणि स्क्रीन! बॉक्सवर ४५% एनटीएससी, म्हणजे कमी रंग दाखवणारा, असं लिहिलं असेल तर तो परत ठेवा. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल त्यावर फिका दिसतो. मग पोरगा रंग चढवतो आणि नवरीच्या घरी टीव्हीवर चेहरे भडक लाल येतात. असा एक अख्खा अल्बम मी पुन्हा करून दिलाय. १००% एसआरजीबी, म्हणजे व्हिडिओचे नेहमीचे सगळे रंग दाखवणारा हवा, त्यासाठी कार्ड एक पायरी कमी घ्यावं लागलं तरी चालेल.

शिरपूर रोड
कसाले इतका इचार करी ऱ्हायना भाऊ! घरी डेस्कटॉप बांधा आणि कॉलेजला जुना बिझनेस लॅपटॉप. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या, म्हणजे विंडोज ११ बसतं. ७० हजारांत दोन्ही होतं, आणि डेस्कटॉपचा एकेक भाग बदलता येतो.

तापीकाठ
पोरगा होस्टेलला राहतो हो. एका खोलीत तिघं, एक प्लग. डेस्कटॉप गावी ठेवला तर शनिवार-रविवारीच हाताला लागेल, आणि फोटोग्राफरला रील दुसऱ्या दिवशी सकाळी हवी असते.

मेहरूण
मग सर्व्हिसचंही विचारून घ्या. माझ्या मागच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड ऐन वैशाखात गेला. कंपनीने तो नाशिकला पाठवायला लावला, तीन आठवडे हात बांधलेले. दोन लग्नांचं काम दुसऱ्याला द्यावं लागलं. ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी आपल्या पिनकोडला खरंच लागू आहे का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या.

तापीकाठ
भावाला आत्ताच फोन केला. फाइल ४:२:२ च आहेत. गेल्या मे महिन्यात रात्र-रात्र जागायचा, मला वाटायचं मोबाइलवर वेळ घालवतो. व्हिडिओ अडखळतो म्हणून एकेका कटला वेळ लागायचा, हे त्याने आज सांगितलं. कार्डाला माझा विरोध होता, तो मागे घेतो. इंटेल प्रोसेसर, ६ जीबी कार्ड, १००% एसआरजीबी, एवढं धरून बघतो. पातळ लॅपटॉप नकोच.

त्याच्या वर्गमित्राकडे असाच एक आहे. रविवारी भाऊ लग्नाची एक क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन त्याच्याकडे जाईल आणि दुपारी दोनला कूलर बंद ठेवून अर्धा तास रेंडर लावेल. तो टिकला तर सोमवारी आम्ही दोघं लॅपटॉप घ्यायला जळगावच्या गोलाणी मार्केटला.