टार्गेट शूटिंग: पिस्तूल जड असावं की हलकं?

स्थिरहात: १० मीटर एअर पिस्तूलला नियमाने १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण बहुतेक पिस्तुलं हजाराच्या आसपासच असतात. माझं मत, नळीखाली ५०-६० ग्रॅम वाढवावेतच. थरथर थांबत नाही, पण संथ होते आणि साईट (नेम धरायची खूण) नीट दिसते. शिवाय ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागेल असाच असावा लागतो. पिस्तूल हलकं असेल तर बोटाचा तेवढा दाबही ते बाजूला ढकलतो.

साठावा_शॉट: साफ असहमत. ७५ मिनिटांत ६० शॉट्स, वर सायटर्स (आधीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट्स) आणि न मारता खाली घेतलेले हात. हात शंभरेक वेळा उचलला जातो, तोही एकच. पिस्तूल खांद्यापासून दोन फूट लांब, आणि खांद्याचा स्नायू मात्र दंडाला वीतभराच्या आतच, तोही तिरका ओढतो. पुढे लावलेले ५० ग्रॅम त्याला कितीतरी पट जड पडतात.

थकवा आधी मनगटात दिसतो. फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेत अर्धा मिलिमीटर खाली गेली की, दोन साईट्समध्ये ३२० मिमी अंतर धरलं तर, छर्रा साडेपंधरा मिमी खाली लागतो. एक रिंग ८ मिमीची, म्हणजे जवळजवळ दोन रिंगा गेल्या! उलट साईट्स जुळलेल्या असताना अख्खा हात ५ मिमी खाली आला, तर छर्राही ५ मिमीच खाली.

मूठपक्की: दोघंही ग्रॅम मोजताय, अंतर कुणीच मोजत नाही. तेच वजन मनगटापासून १० ऐवजी २० सेंमीवर नेलं तर मनगटावरचा भार दुप्पट होतो, पण डुलण्याला होणारा विरोध चौपट. म्हणून थोडंच वजन, पण पार पुढे. आणि त्याआधी ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ, बघा. डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडा. साईट्स जुळलेल्या नसतील तर मनगट प्रत्येक शॉटला दुरुस्ती करतंय. तो थकवा वजनाचा नाही, लाकूड घासून किंवा पुट्टी भरून जाणारा आहे.

पंचवीसमीटर: २५ मीटरच्या .२२ (खऱ्या गोळीच्या) पिस्तुलात गणित वेगळं. तिथे मर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगर १०००. धक्का खरा असतो, वजनाने नळीची उडी कमी होते. पण २५ मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात दर शॉटला टार्गेट ३ सेकंदच दिसतं. ४५ अंशांवरून हात उचलून थांबवायचा, आणि नळीचं तोंड जड असेल तर पिस्तूल मध्याच्या वर निघून जातं. तिथे वजन मुठीजवळच बरं.

स्थिरहात: मूठपक्की, अंतराचा मुद्दा मान्य. २० ग्रॅम टोकाला लावून बघण्यासारखं आहे. पण साठावा_शॉट, सगळं वजन काढा हे पटत नाही. ट्रिगरचे ५०० ग्रॅम काही कमी होत नाहीत.

साठावा_शॉट: मग २० ग्रॅम लावून कोऱ्या भिंतीवर ड्राय होल्ड करा, म्हणजे छर्रा न मारता नुसतं नेम धरून थांबा. फ्रंट साईट पंधरा सेकंदांच्या आत खाली बसू लागली तर तेही काढा.