बोक्यासाठी ट्रॅकर घ्यायचाय, पण वाडीत रेंजच नाही. काय घेऊ?

पडवीतली_पोर

नमस्कार मंडळी, मांजरवाल्यांची मदत हवीये.

आईकडे (गुहागरजवळ, वाडीत) एक बोका आहे, बंड्या. पाच वर्षांचा, साडेचार किलो, भगवा-पांढरा, आणि स्वतःला गावचा खोत समजतो. दिवसभर पडवीत झोपणार आणि दिवेलागणीला गडग्यावरून उडी मारून जो जाणार तो पहाटे येणार. हे नेहमीचंच. पण गेल्या जूनमध्ये चार दिवस आलाच नाही आणि आला तेव्हा कान फाटलेला, मागचा पाय ओढत. त्या चार दिवसांत माझी आई, वय ६८, रोज रात्री बॅटरी घेऊन आगरात फिरत होती, एका हातात बॅटरी आणि एका हातात स्टीलची ताटली, ताटली वाजवली की तो येतो म्हणून. तिसऱ्या रात्री शेवाळावरून घसरली आणि मनगट सुजलं. मी ठाण्याला. मला हे कळलं दोन दिवसांनी, ते पण शेजारच्या काकूंकडून.

म्हणजे खरं सांगायचं तर काळजी बोक्याची कमी आणि आईची जास्त आहे. त्याला घरात कोंडणं शक्य नाही, कौलारू घर, माळ्यावरून शंभर वाटा. म्हणून गळ्यात काहीतरी घालायचं असं ठरवलंय. ऑनलाइन बघितलं तर एअरटॅग, जीपीएस, सिमवाले, बिनसिमवाले, डोकं फिरलं. आईकडे साधा अँड्रॉइड आहे, व्हॉट्सअॅप आणि फोटो एवढंच येतं. घरात वायफाय आहे, पण मोबाइलची रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात आणि विहिरीपाशी, बाकी शून्य. बजेट पाच-सहा हजार, अगदीच चांगलं असेल तर थोडं वर. कोणी वापरलंय का?

पेठेतला_मांजऱ्या

ताई, एअरटॅग मी दोन वर्षं वापरतोय, पण तुम्ही घेऊ नका. का ते सांगतो.

एअरटॅग म्हणजे अॅपलचा छोटा टॅग, त्यात जीपीएस नसतंच. तो फक्त ब्लूटूथवर 'मी इथे आहे' असं ओरडत बसतो आणि आजूबाजूने जाणाऱ्या कोणाच्याही आयफोनने ते ऐकलं की तो फोन स्वतःचं लोकेशन वर पाठवतो, ते तुम्हाला दिसतं. म्हणजे खरा ट्रॅकर टॅग नाही, रस्त्यावरची माणसं आहेत. आमच्या पेठेत एका वाड्यात सहा आयफोन, त्यामुळे चिंगी कुठल्या गच्चीवर उन्हं खातेय ते मला ऑफिसात बसून कळतं. मागे एकदा दोन दिवस गायब होती तेव्हा मॅपवर टिंब सारखं एकाच बंद दुकानावर, जाऊन शटरला कान लावला तर आतून म्यांव. दुकानदार तुळजापूरला गेलेला, त्याच्या भावाला शोधून किल्ली आणली.

पण तुमच्या आगरात रात्री दोन वाजता आयफोन घेऊन कोण फिरणार आहे? वानरं?

वजन ११ ग्रॅम, बटणाचा सेल वर्षभर चालतो, पावसाने काही होत नाही, हे सगळं छान आहे, पण माणसं नसतील तर तो गळ्यातला बिल्ला आहे. शिवाय सेट करायला आयफोनच लागतो, आईंच्या फोनवर चालायचा नाही. आणि खुद्द अॅपल म्हणते की हा वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, ते एक.

अँड्रॉइडवाले टॅग पण आहेत, जिओटॅग गो वगैरे, दीड हजाराच्या आसपास. तत्त्व तेच. त्यात आणखी एक गोम म्हणजे गूगलचं नेटवर्क मूळ सेटिंगला असेल तर गर्दीच्या जागीच धड चालतं, एकट्यादुकट्या फोनने पाहिलेलं लोकेशन ते पुढे देत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'सगळीकडे' असं करता येतं पण ते गावातल्या प्रत्येकाला जाऊन कोण सांगणार.

पडवीतली_पोर

वानरं 😂 वानरांकडे फोन दिला तर खरंच सापडेल तो. धन्यवाद दादा, एअरटॅग कटाप. मग जीपीएसवाला?

नारळफणस

मांजराक जीपीएस! अजून काय काय बघूचा लागतला देव जाणे.

बरं आता गंभीरपणे. चिप बसवा ना, इंजेक्शनने कातडीखाली घालतात ती. पट्टा नको, काही नको, मोबाइलवर बघत बसा. शहरात सगळे करतात.

लीड्सची_माऊ

नारळफणसकाका, हा गैरसमज इतका पसरलाय ना! मायक्रोचिप म्हणजे ट्रॅकर नाही. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरीच नसते, स्कॅनर अगदी अंगाजवळ धरला की १५ आकडी नंबर दाखवते, बस. तो नंबर कुठल्यातरी डेटाबेसमध्ये तुमच्या नावावर असेल तर उपयोग. इथे इंग्लंडमध्ये जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे आणि कोणी सापडलेलं मांजर डॉक्टरकडे नेलं की ते आधी स्कॅनच करतात, म्हणून उपयोग होतो. वाडीत स्कॅनर कोणाकडे असणार.

जीपीएसबद्दल. मी आमच्या टिपूला (आमचा बोका) ट्रॅक्टिव्ह नावाचा जीपीएस ट्रॅकर लावलाय, तीन वर्षं झाली. २५ ते ३० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी वजन, साडेचार किलोच्या बोक्याला म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, वजनाची काळजी नको. टिपू कुठे कुठे जातो त्याची रेघ दिसते नकाशावर, आणि काय निघालं माहितीये, साहेब रोज रात्री तीन घरं सोडून एका आजोबांकडे दुसरं जेवण करत होते! मी इथे डाएटचं महागडं खाणं घालतेय आणि हा तिकडे हॅम खातोय.

पण हे नीट समजून घे. जीपीएसला दोन गोष्टी लागतात. जागा कळायला उपग्रह लागतात आणि ती जागा तुझ्यापर्यंत पोचवायला मोबाइल नेटवर्क. डब्याच्या आत सिम असतं, त्याचंच सबस्क्रिप्शन भरायचं असतं, दर महिन्याला किंवा वर्षाचं एकदम. बंड्याला आकाश स्वच्छ दिसत असेल आणि त्याला स्वतःची जागा कळत असेल तरी रेंज नसेल तर तो ती सांगणार कशी? रेंजमध्ये परत येईपर्यंत तुला जुनंच टिंब दिसत राहणार. शिवाय दर थोड्या दिवसांनी चार्ज करायला लागतो, आणि लाइव्ह मोड लावला की बॅटरी भराभर उतरते. आई करतील का हे? माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी त्यांना सांगून ट्रिपला गेले तर त्यांनी पट्टा धुऊन वाळत घातला.

एक दिलासा देते. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून केलेला. बहुतेक मांजरं आपल्या घरापासून शंभरेक मीटरच्या आतच बहुतांश वेळ काढतात. आपल्याला वाटतं कुठे गावाच्या पार गेला, तो असतो शेजारच्या माळ्यावर.

अलिबागचा_अण्णा

सिमवाला चायनीज जीपीएस कोणी सुचवला तर पळा. मी घेतला होता, बाराशेला, एका साइटवरून, नाव नाही घेत. आधी तर सिमच चालेना. मग कळलं की त्यात २जी मोडेम आहे आणि मी घातलंय जिओचं, जिओकडे २जी नाहीच, ४जीपासून सुरू. दुसऱ्या कंपनीचं घातलं तेव्हा चालू झाला. पहिल्याच रात्री मेसेज आला, मांजर समुद्रात! भर समुद्रात, किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटर. बायको रडायला लागली. मी टॉर्च घेऊन पुळणीवर. मांजर होतं आमच्याच पोटमाळ्यावर, गोणपाटावर झोपलेलं.

झालं काय, छपराखाली उपग्रह दिसले नाहीत की हे स्वस्तातले डबे टॉवरवरून अंदाज लावतात, आणि तो अंदाज गावाकडे शेकडो मीटर सहज चुकतो, कधी किलोमीटरमध्ये. बॉक्सवर मात्र 'अचूकता ५ मीटर'. ती मोकळ्या मैदानात. मांजर मोकळ्या मैदानात कधी बसलेलं बघितलंय का?

श्वानमार्जार

मी पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, ट्रॅकरमधलं फार कळत नाही पण पट्ट्याबद्दल बोलते कारण वर कोणीच बोललं नाही.

मांजराला कुत्र्याचा बकलवाला पट्टा अजिबात घालू नका. झटका बसला की आपोआप सुटतो असा क्लिपचा पट्टा मिळतो तोच घ्या. मांजर फांदीत अडकलं किंवा पुढचा पाय पट्ट्यात घालून बसलं तर न सुटणारा पट्टा काखेत रुतून जखम करतो, मी असं एक मांजर बघितलंय, पंधरा दिवस गायब होतं, काखेत हाडापर्यंत. पट्टा आणि मान यात दोन बोटं जातील इतकाच सैल. इलास्टिकवाले टाळा. आधी आठवडाभर नुसता रिकामा पट्टा, मग तेवढ्याच वजनाचं काहीतरी बांधून, मग ट्रॅकर. आणि हे गृहीत धरा की पट्टा हरवणार. सुटणारा पट्टा म्हणजे कधीतरी ट्रॅकर सापडेल पण मांजर नाही, हे होणारच, त्यामुळे दहा हजाराचं काही लावू नका.

दुसरं म्हणजे, ताई, बंड्याची नसबंदी झालीये का? तुम्ही लिहिलं नाहीत. रात्री जाणं, चार दिवस गायब, फाटलेला कान, हे सगळं वाचून मला तरी झाली नसेल असं वाटतंय. बोके माद्यांच्या मागे आणि एकमेकांशी भांडायला लांब जातात. नसबंदीनंतर भटकणं बरंच कमी होतं, लगेच नाही, काही आठवडे लागतात. भांडणाच्या चाव्यातून आजारही पसरतात.

पडवीतली_पोर

नाही झालेली. 🙈 आई म्हणते 'त्याचं ते आयुष्य आहे, आपण कोण'. बोलते तिच्याशी.

नारळफणस

चिपचं माझं चुकलंच, लेकाने सांगितलेलं तसं लिहिलं. पण एक सांगतो पोरी, आमच्याकडे बिबट्या फिरतो, तुमच्याकडेही असेलच. काळोख पडायच्या आत खाऊ घाल. आमच्याकडे मांजरं दुपारी उपाशी ठेवून सहाला बांगड्याची मुंडी देतात, मग ती खाऊन चुलीजवळच पडतात. ट्रॅकरचा खर्च वाचला.

लीड्सची_माऊ

काका, हे मात्र लाख बोललात! 😄

पडवी, मी काल विचार करत होते तुझ्या केसबद्दल. तुला नकाशा नकोच आहे ना खरं तर. तुला हवंय की आईने अंधारात वाट्टेल तिकडे न फिरता थेट जिथे आहे तिथे जावं. त्यासाठी रेडिओवाला टॅग बघ. इथे टॅबकॅट म्हणून मिळतो. टॅग पाच-सहा ग्रॅमचा, सोबत क्रेडिट कार्डाएवढा हँडसेट. मोबाइल नको, सिम नको, वायफाय नको, महिन्याचे पैसे नकोत. हँडसेट हातात धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं, ज्या दिशेला दिवे वाढतात आणि बीप जोरात होतं तिकडे चालायचं. रेंज मोकळ्यात १२० मीटरपर्यंत सांगतात, पण झाडी, जांभ्याच्या भिंती आणि पावसात भिजलेली पानं मध्ये आली की बरीच कमी होणार, निम्मी धर. माझी नणंद वापरते, तिचा बोका शेजारच्या शेडमध्ये कोंडला गेलेला या डब्यानेच सापडला.

पुण्यामुंबईत बसून तुला काही दिसणार नाही त्यात. ते तुला चालत असेल तर. माझी चुलतबहीण डिसेंबरात येतेय, तिच्यासोबत पाठवू शकते.

पेठेतला_मांजऱ्या

हे भारी आहे. ताई, हेच घ्या. पडवीत उभं राहून एक गिरकी घ्यायची, बीप आलं तर जायचं, नाही आलं तर झोपायचं, सकाळी बघू. आईंना रात्री बाहेर न जायला कारण मिळेल.

अलिबागचा_अण्णा

आणि समुद्रात तर दाखवणार नाही.

पडवीतली_पोर

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. दिवाळीत गावी गेले होते.

बंड्याला डॉक्टरकडे नेला, पिशवीत घालून, रिक्षाभर ओरडत. नसबंदी झाली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही आणि त्याला मात्र दूधभात चमच्याने. आता संध्याकाळी सहाला मुंडी चालू केलीये, नारळफणसकाका, आई म्हणते त्या गुहागरच्या बाहेरच्या काकांना सांग की आम्हाला हे आधीच माहीत होतं.

टॅग डिसेंबरात येईल (माऊताई, पैसे पाठवलेत, बघ). तोवर श्वानमार्जारने सांगितल्याप्रमाणे रिकाम्या सुटणाऱ्या पट्ट्याची सवय लावतोय, त्याला कापडात गुंडाळून एक रुपयाची दोन नाणी शिवलीयेत. पहिला पट्टा तीन दिवस टिकला. काल सकाळी आईचा फोन, 'बोका चुलीपाशी आहे, पट्टा नाही.' दुपारभर शोधला, शेवटी रामफळाखाली मिळाला. मी केशरी घेतला होता, मॉडेल सुंदर दिसत होतं फोटोत. आई म्हणाली, 'अगो, आपली माती बघितलीस का, तिच्यात केशरी दिसतो होय?'

तर आता निळा मागवतेय. निळ्यात सुटणारी क्लिप असलेला, घंटी काढता येईल असा, कोणाला चांगला माहीत असेल तर सांगा. इथे दुकानात मिळाला तो ओढून बघितला तर क्लिप नुसती दाखवायलाच, दोन्ही हातांनी जोर लावला तरी सुटेना.