मीटलोफ कापताना भुगा होतो आणि काप कोरडा लागतो

प्रश्न :
दमलेल्या संध्याकाळी पोटाला आधार देणारे काही गरम असावे, म्हणून मी दोनदा घरी मीटलोफ, म्हणजे खिम्याचा पावाच्या आकारात भाजलेला पदार्थ, केला. मुद्दाम कमी चरबीचा निवडलेला एक किलो खिमा, दोन अंडी, कच्चा कांदा आणि ब्रेडचा कोरडा चुरा चांगला मळून साच्यात दाबून भरला व १८० अंश सेल्सिअसवर दीड तास भाजला. साच्यात पाणी साचले, काप मात्र कोरडा निघाला आणि सुरी लावताच त्याचा भुगा झाला. चूक नेमकी कोठे होत असावी?

प्रतिसाद १ :
साच्यात साचलेले पाणी म्हणजे कापात राहायला हवा होता तो रस. उष्णतेने मांसातील प्रथिने आवळली जातात आणि रस पिळून बाहेर टाकतात. कोरडा चुरा घातल्यास तोही त्याच रसावर हक्क सांगतो. म्हणून ब्रेडच्या तीन-चार चकत्या कुस्करून अर्ध्या पेल्याहून थोड्या अधिक दुधात दहा मिनिटे भिजवाव्यात आणि त्यांचा लगदा करावा. हा लगदा मांसाच्या कणांमध्ये शिरून त्यांना फार आवळू देत नाही. खिमा साधारण २० टक्के चरबीचा घ्यावा. कांदा परतून, गार करून घालावा, कारण कच्चा कांदा आत पाणी सोडतो आणि तेथूनच काप फुटतो. बाकी सारे आधी एकजीव करून खिमा शेवटी घालावा व बोटांनी हलकेच मिसळावा. कणकेसारखा मळला तर तो रबरासारखा होतो.

प्रतिसाद २ :
वरील सर्व मान्य आहे, परंतु दीड तास हा मला मुख्य दोष वाटतो. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विसंबावे : गोमांस, डुकराचे किंवा मेंढीचे मांस असल्यास मध्यभागी ७१ अंश, कोंबडीचे असल्यास ७४ अंश. खिम्यात पृष्ठभागावरचे जिवाणू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून अंदाज बांधू नये. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे हात लावू नये. गरम असतानाच कापल्यास उत्तम मीटलोफही मोडतो.

प्रतिसाद ३ :
साचा सोडून द्या. ट्रेवर हातानेच लांबट आकार दिला की चरबी निथळते आणि कडा खरपूस होतात. केचप, ब्राउन शुगर व थोडे व्हिनेगर यांचा लेप शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच लावावा, नाहीतर साखर करपते. ब्रेड घालणे म्हणजे भेसळ, असे काहींना वाटते. पण १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेतील घराघरांत थोडे मांस अनेकांना पुरवण्यासाठी हाच उपाय होता.

प्रश्नकर्ता :
भिजवलेला ब्रेड, परतलेला कांदा आणि थर्मामीटर, तिन्ही अवलंबिले. ७१ अंश पासष्ट मिनिटांतच आले. काप अखंड निघाले. उरलेले दोन उद्या तव्यावर परतून सँडविचमध्ये घालणार आहे.