अनुभव धागा : माणूस परदेशात, जीव खान्देशात. तब्येतीचं काय?

घरच्यांशी रोजचं बोलणं, पैसे पाठवणं, एकमेकांपासून आजारपण लपवणं, यातून तुमची तब्येत सुधारली की बिघडली? घडलेलं लिहा. उपदेश नको, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळतो.

यावलकर, न्यू जर्सी
हिवाळ्यात इथे रात्रीचे १० म्हणजे घरी सकाळचे ८.३०. आबा केळीच्या बागेतून फोन लावायचे. भाव पडले, मजूर मिळत नाही, बागेत सीएमव्ही हा केळीचा विषाणूरोग शिरला, चुलत्याने बांध कोरला. आबा मोकळे होऊन चहाला जायचे, मी पहाटेपर्यंत छताकडे बघत. बीपीची गोळी सुरू झाली. आता सकाळी ऑफिसला जाताना बोलतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. बांध अजून तिथेच आहे, पण झोप लागते.

अमळनेरची लेक, म्युनिक
बाळंतपणाला माय आली होती. डिंकाचे लाडू, बाळाला शेक, मला दोन्ही वेळा गरम जेवण. पण शेंगेन व्हिसा ९० दिवसांचा. ती गेली आणि घर खायला उठलं. बाळ झोपलेलं असलं तरी मी रडायचे. इथे बाळंतिणीला बघायला सुईण घरी येते, खर्च विम्यातून. तिनेच ओळखलं आणि डॉक्टरकडे पाठवलं. मायला फक्त "थकवा आहे" एवढंच सांगितलं. तिनेही गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं मला सांगितलं नव्हतं, ते मोठ्या बहिणीकडून कळलं. मायलेकी सारख्याच!

चोपड्याचा, टोरंटो
वांगी भाजली की धुराचा अलार्म बोंबलतो. तरी भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात गेली की डोकं ठिकाणावर. बाकी मला काही आजार नाही. बायकोचं मत वेगळं आहे.

भुसावळ जंक्शन, दुबई
बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायला डबल ड्यूटी, जेवण कधीही. शुगर वाढली. घरी सांगितलं असतं तर "ये परत" म्हणाले असते आणि हप्ते कोणी भरायचे? शेवटी तिलाच सांगितलं, ती नर्स आहे. आता तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसी रिपोर्ट तिला पाठवतो आणि बोलणी खातो. जाता जाता, गावाहून कोणाकडून खोकल्याचं औषध मागवू नका. कोडीन असेल तर इथे परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे.

धुळ्याहून एक आई
@भुसावळ जंक्शन, "जेवना का रे?" विचारलं की माझा पोरगाही लगेच "हो" म्हणतो, मागे मशीन सुरू असतं. तू आज काय जेवलास, ते लिही आधी.