वयाची अट आणि एएनएमची वाट

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला, ‘सायन्स लागतंच’ असं म्हटलं जातं, ते बरोबर नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत सायन्सला फक्त प्राधान्य आहे. कला-वाणिज्यवाल्यांनाही बारावीला ४०% आणि इंग्रजीतही ४०% एवढं पुरतं. पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) लागतं ते बीएस्सी नर्सिंगला. खरी अडचण वयाची: जीएनएमच्या प्रवेशाला मर्यादा ३५ वर्षं. मात्र नोंदणीकृत एएनएमना (सहायक परिचारिका-प्रसाविकांना) जीएनएमसाठी वयाची अट नाही. म्हणजे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे तीन वर्षं आत्ता जमत नसतील, तर पस्तिशीच्या आत दोन वर्षांचं एएनएम उरकून नोंदणी करून ठेवावी, जीएनएम चाळिशीतही करता येतं. आणि ‘सहा महिन्यांत नर्स’वाल्या क्लासांपासून लांब राहा! त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर स्टाफ नर्सची सरकारी भरती विसराच.