होमस्कूलिंगला अभ्यासक्रम कुठला घ्यावा? मुलगी ९ वर्षांची, सोलापूर

जुळे_सोलापूरची_आई
नमस्कार, मुलीची चौथी झाली, जूनपासून घरीच शिकवायचं ठरलंय (का ते प्लीज नका विचारू, सासूबाईंना सांगून सांगून तोंड दुखलंय). अडलंय ते अभ्यासक्रमावर. एक अमेरिकन बॉक्स बघितला, वर्षभराची पुस्तकं, वर्कशीट, रोज काय घ्यायचं त्याचा चार्टसुद्धा आयता, पण महाग आहे आणि मिस्टर म्हणतात बालभारती फुकट मिळतंय की. माझं दुपारी शिवणकाम असतं, म्हणजे खरा वेळ सकाळचे दोन-अडीच तास. दहावीचं टेन्शन वेगळंच. कोणी केलंय का?

कडक_भाकरी
ताई आमचं पहिलं वर्ष असल्याच बॉक्समध्ये गेलं. तो आयता चार्टच गळ्यात येतो, मंगळवारचा धडा राहिला की बुधवारी दोन, शनिवारपर्यंत मी रडकुंडीला आणि पोरगा बाहेर सायकलवर. गणितात सगळं इंच, पाउंड, सेंटची नाणी. पोराला औंस पाठ, पण पाव किलो शेंगाचटणी आणायला धाडला तर पाव किलो म्हणजे किती ग्रॅम ते येईना!! आता गणित-मराठी बालभारतीचं, सायन्स एनसीईआरटीचं, दोन्हीच्या पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहेत. सगळ्याच्या प्रिंट काढू नका पण, झेरॉक्सवाल्याचंच भलं होतं, छापील पुस्तक स्वस्त पडतं. तुमच्या अडीच तासांत भाषा आणि गणित रोज, बाकीचं आलटून पालटून. इतिहासाला आम्ही भुईकोट किल्ल्यात जातो, तिथं प्रश्न तोच विचारतो.

पूर्वभागातला
मी रात्रपाळीला, त्यामुळं पोरगी माझ्याजवळ संध्याकाळी शिकालीय, घरात तेलुगू बाहेर मराठी. दहावीचं सांगतो. एनआयओएसला (म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड, शाळेत न जाता दहावी देता येते) वय १४ पूर्ण लागतं, ५ विषय, त्यात एक तरी भाषा पाहिजे, बाकीचे आपल्या मनाचे, चित्रकला पण आहे त्यात. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नोंदणी ५ वर्षं चालते म्हणून एकदम सगळे विषय द्यायला लागत नाहीत. माध्यम मराठी घ्या नाहीतर तेलुगू, दोन्ही आहे. राज्य बोर्डातनंच द्यायची असली तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून जपून ठेवा. पण ताई पोरगी ९ वर्षांची आहे, बोर्डाचं आत्तापासून डोक्यात घेऊन पुस्तक निवडू नका.

सातरस्ता
एवढा कुटाणा कशाला बे, शाळेत घाला की.

कडक_भाकरी
@सातरस्ता त्यांनी काय विचारलंय आणि तुमचं काय चाललंय.

जुळे_सोलापूरची_आई
थँक्यू सगळ्यांना, बॉक्स कार्टमधनं काढला. १७ नंबरचं माहितीच नव्हतं, दाखला उद्याच आणते. महिनाभर सकाळी गणित-मराठीच करून बघते, चार्ट वगैरे काही नाही. आता एकच, पाचवीची पुस्तकं नव्या पेठेत सुटी मिळतात का की अख्खा सेटच घ्यावा लागतो?