म्हसवडच्या रेडिओला ग्रामपंचायतीनं पैसे द्यावेत का?

माणगंगाकाठ

मे महिन्यात गावी गेले होते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडपासून आठेक किलोमीटरवर आमची वस्ती. दुपारची वेळ, आई तूर पाखडत बसलेली, शेजारी तिचा जुना रेडिओ आणि त्यावर ९०.४, म्हणजे ‘माणदेशी तरंग’. एक बाई ओव्या म्हणत होती. मी म्हटलं, अगं मोबाइलवर एवढी गाणी आहेत, हे कशाला ऐकतेस? ती म्हणाली, “ही आपल्यावानी बोलती. बाकी समदी पुण्यावानी बोलत्यात.”

मी पुण्यात राहते. त्यामुळे ते वाक्य जरा लागलंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा सामुदायिक रेडिओ आहे, म्हणजे आसपासच्या लोकांनी आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, माणदेशी फाउंडेशनचा, २००८ पासूनचा. चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ मध्ये जी महिला बँक उभी केली, तिच्याच घरातलं हे भावंड. शाळेची पायरी न चढलेल्या केराबाई सरगर इथे माइकसमोर बसल्या आणि स्वतः रचलेली गाणी म्हणू लागल्या. आमच्याकडच्या बायकांना त्याचं किती अप्रूप वाटलं, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. खुरपायला जाणारी बाई ‘कार्यक्रम करते’, ही गोष्टच आमच्या भागात नवी होती.

माझा प्रस्ताव असा: ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून दर बाजारच्या दिवशी या रेडिओवर एक मिनिट विकत घ्यावं. पाण्याच्या पाळ्या, लसीकरण, दाखल्यांचं शिबिर, जे असेल ते त्यात सांगावं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय यावा असं मला वाटतं. भाऊ विरोधात आहे. त्याचं म्हणणं, टँकरला पैसे नाहीत आणि तू रेडिओला मागतेस. तुमचं काय मत?

ठाणेकर

तुमच्या भावाशी सहमत. आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो, पण पंचायतीचा पैसा हा भावनेचा प्रश्न नाही.

सामुदायिक रेडिओला १०० वॅटची मर्यादा असते, मनोरा साधारण ३० मीटरचा. मध्ये टेकडी आली की दहा किलोमीटरही धड जात नाही. दुसरं म्हणजे ऐकतं कोण? फोनवर एफएम लावायचं तर इअरफोनची वायर अँटेना म्हणून लागते, आणि आता कित्येक फोनना ते भोकच नसतं. फोनमध्ये एफएम चालू ठेवा असं २०२३ मध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना सांगावं लागलं, यावरूनच ओळखा. पाण्याची पाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली की दोन मिनिटांत सगळ्यांना कळते, फुकट.

श्रोते मोजलेले नाहीत, परिणाम मोजलेला नाही, आणि आपण पंचायतीनं पैसे द्यावेत म्हणतोय. हे मला पटत नाही.

रापण

ठाणेकर, गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट म्हणजे कोणाचा हो? आमच्या वाडीच्या गटात ७० जण आहेत, त्यात बायका ९. सासूबाईंच्या हातात फोन येतो तो नातवाचा, आणि तोही लॉक केलेला.

मी सिंधुदुर्गातला, घरचा धंदा मासेमारीचा. रामेश्वरमजवळ पांबनला ‘कडल ओसै’ नावाचा रेडिओ २०१६ पासून चालतो, मच्छीमारांसाठी. वारा किती, लाटा किती, समुद्रात जावं की नाही, हे तो त्यांच्या तमिळमध्ये सांगतो. आमच्या किनाऱ्यावर असं काही असावं असं कधीपासून वाटतं. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो, नाही असं नाही. पण त्यात ‘ताशी ४५ ते ५५ किमी वेगाने’ असं लिहिलेलं असतं. माझ्या काकाला ‘आज वारो सुटतलो, होडयो वर घेवा’ हे कळतं.

१०० वॅट खोल समुद्रात पोचत नाही हे मान्य. ट्रॉलरवाल्यांना त्याचा उपयोग नाही. पण रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या होड्या किनारा नजरेआड होऊ देत नाहीत, त्यांच्यापुरतं पुष्कळ झालं.

ट्रान्समीटर

मी मराठवाड्यातल्या एका सामुदायिक केंद्रावर अडीच वर्षं होतो. केंद्राचं नाव लिहीत नाही. रेडिओवर माझं प्रेम आहे, तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे, आणि ठाणेकरांहून वेगळ्या कारणासाठी.

आमच्याकडे संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस आला की दिवसभर शुभेच्छा लागायच्या. एकदा रेशन दुकानाबद्दल सहा बायका बोलल्या. इतकं सरळ, नेमकं बोलल्या की मला एकही कट मारावा लागला नाही. ते लागलंच नाही. सांगण्यात आलं, “ही बातमी होते, परवाना जाईल.”

हा बहाणा कुठून येतो तेही सांगतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची तेवढी परवानगी आहे. हवामान, वीज-पाणी, परीक्षा, नोकऱ्या, सण, आपत्तीची सूचना हे सगळं बातमीत धरत नाहीत, ते चालतं. म्हणजे ‘उद्या दहा वाजता टँकर येईल’ हे बिनधास्त सांगा. ‘तीन दिवस टँकर का आला नाही’ हे ग्रामसेवकाला माइकसमोर विचारायचं म्हटलं की स्टुडिओतले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. या बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ज्या न्यायालयानं १९९५ मध्ये रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सांगितलं, तिथेच. पण स्टुडिओतली भीती अजून जशीच्या तशी आहे.

आता यात पंचायतीचा पैसा घाला. आज संस्थेचे अध्यक्ष आहेत, उद्या सरपंचही येतील. टँकरबद्दल विचारायची उरलीसुरली हिंमतही जाईल.

माणगंगाकाठ

ट्रान्समीटरदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या सहा बायकांचं रेकॉर्डिंग कुणी जपून ठेवलं असेल का, हाच विचार डोक्यात येत राहिला.

तरी मी मागे हटत नाही. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला ‘संगम रेडिओ’ आहे, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित बायकांचा. १९९८ च्या सुमारास स्टुडिओ तयार होता, परवाना नव्हता. दहा वर्षं त्या बायका टेपवर कार्यक्रम करून संगमच्या, म्हणजे गावोगावच्या बायकांच्या गटांच्या, बैठकांत ऐकवत राहिल्या. २००६ मध्ये धोरण बदललं, स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्या हवेत गेल्या. ज्वारी, बाजरी, बियाणं, मिश्र पिकं, सगळं त्यांच्या बोलीत. बातमी न देताही त्यांनी आपली शेती कुठली चांगली हे वर्षानुवर्षं ठामपणे मांडलं. तेव्हा नियमात राहूनही पुष्कळ बोलता येतं. बोलणाऱ्याच्या पाठीशी गाव हवं.

आता हिशेब, कारण ठाणेकरांना तो हवाय. केंद्र सरकार आपल्या जाहिरातीला सामुदायिक रेडिओला १० सेकंदांचे ७४ रुपये देतं (२०२४ पासून, आधी ५२ होते). तोच दर धरला तर मिनिटाचे ४४४. वर्षाचे ५२ बाजार, म्हणजे २३,०८८ रुपये. एका पंचायतीला हे जड नाही. आसपासच्या १५ गावांनी दिले तर ३,४६,३२०, महिन्याला २८,८६०. स्टुडिओत बसणाऱ्या दोन पोरींचं मानधन त्यात निघतं. जाहिरातीची मर्यादा आता तासाला १२ मिनिटांची आहे, त्यामुळे नियमाचीही अडचण नाही. आणि १५ सरपंच एकत्र येऊन एक कार्यक्रम बंद पाडतील हे अवघड. त्यांचं आपसात जमतं कुठे?

खाडीपल्याड

मी कॅलिफोर्नियात बर्कलीजवळ राहते, मूळची सातारची. इथलं ‘केपीएफए’ हे रेडिओ केंद्र १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. मी गेली अनेक वर्षं देते. वर्गणी मागायचे दिवस आले की कार्यक्रम थांबवून तासन्‌तास पैसे मागतात, कंटाळा येतो, पण देते.

दोन गोष्टी सांगते, त्या परस्परविरोधी वाटतील. १९९९ मध्ये मूळ संस्थेनं या केंद्राला टाळं लावलं, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. ती वर्गणीतून आलेली मालकी होती. सरकारी पैशाचं म्हणाल, तर २०२५ मध्ये इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि देशभरातली छोटी केंद्रं हादरली. म्हणून ट्रान्समीटर यांची भीती मला खरी वाटते.

पण आपापसातली भांडणं आणि कर्ज यांनी हे वर्गणीवालं केंद्रही बेजार आहे. आणि बर्कलीतल्या प्राध्यापकाची वर्गणी वेगळी, माणमधल्या मेंढपाळाची वेगळी. ज्याचा कळप पावसाच्या मागे फिरतो त्याच्याकडे दरमहा शंभर रुपये मागायचे? त्यापेक्षा पंचायत बरी.

ठाणेकर

हिशेब मांडलात, त्याबद्दल आभार. २३ हजार ही रक्कम मी समजत होतो त्यापेक्षा कमी आहे.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. वर्षभर द्या, आणि त्याच वर्षात चार वेळा बाजारात उभं राहून शंभर जणांना विचारा: गेल्या आठवड्यात पंचायतीचा निरोप कुठून कळला? रेडिओ, व्हॉट्सअ‍ॅप, की शेजारीण? रेडिओ म्हणणारे दहाच्या आत असतील तर पुढच्या वर्षी देऊ नका. आईंना ओव्या आवडतात हे मला पूर्ण मान्य आहे. पण ओव्यांसाठी सरकारचा सांस्कृतिक विभाग आहे, पाणीपट्टी भरणाऱ्याचा पैसा नाही.

रापण

विचारताना शंभरातल्या पन्नास बायका असू द्या. नाहीतर चहाच्या टपरीवरचे शंभर पुरुष विचाराल आणि उत्तर आधीच ठरलेलं असेल.

ट्रान्समीटर

माझा विरोध थोडा सैल झाला, पूर्ण गेला नाही. ठराव करणारच असाल तर त्यात दोन ओळी घाला. एक, पैसे फक्त त्या मिनिटाचे. बाकी कार्यक्रमांबद्दल पंचायत बोलणार नाही. दोन, नव्या नियमांत केंद्राला सल्लागार समिती लागते आणि त्यात निम्म्या बायका हव्यात, त्या समितीत पैसे देणाऱ्या पंचायतीचा सरपंच किंवा त्याच्या घरातलं कुणी नसावं. ‘घरातलं’ हा शब्द गाळू नका. मी पाहिलंय.

माणगंगाकाठ

तिन्ही गोष्टी घेते. बाजारात विचारणं, निम्म्या बायका, आणि ‘घरातलं’.

एक अडचण कालच लक्षात आली. माझं मतदान पुण्यात आहे, म्हणजे गावच्या ग्रामसभेत मला हा विषय मांडताच येत नाही. आई मांडेल. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मला सभेत बोलाया जमत न्हाई, मी आजवर मागंच बसल्ये. अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. विचारत होती, ते मिनिटाला किती रुपयं म्हणालीस?

ठाणेकर

४४४. आणि ठराव झाला किंवा पडला, काहीही झालं तरी इथे येऊन नक्की लिहा.